चरबीतल्या पेशींचा खोडवा : मूळपेशींचं कल्चर महिनोन्‌महिने कसं सांभाळायचं

उसाचा खोडवा ज्याच्या घरी राखला जातो, त्याला लॅबमध्ये पेशी वाढवतानाचा पॅसेज, म्हणजे भरलेल्या फ्लास्कमधल्या पेशी उचलून नव्यात पेरणं, मुद्दाम शिकवावं लागत नाही. लागणीचा ऊस तुटला की बुडख्याला नवे फुटवे येतात, तो खोडवा. तोही तुटला की निडवा. दर खेपेला एकरी टन थोडे घटतात, आणि मग एखाद्या वर्षी घरातलं थोरलं माणूस म्हणतं, "आता नांगर घाला." चरबीतल्या मूळपेशी (स्टेम सेल) फ्लास्कमध्ये वाढवताना नेमकं हेच होतं. शेतात घट डोळ्यांना दिसते. फ्लास्कमधली घट वहीत दिसते, आणि वही नसेल तर दिसतच नाही.

कोल्हापुरात राहून एम.एस्सी.चं प्रोजेक्ट किंवा पीएच.डी. करताना पहिल्यांदाच या कामाला हात घालणाऱ्यांसाठी हे लिहितोय. हूडमध्ये, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटात, हात कसा चालवायचा, पिपेट कसं धरायचं, एवढं येतं असं गृहीत धरलंय.

आधी कागद

माणसाची चरबी लॅबमध्ये आणायची तर पहिलं काम हूडमधलं नाही, टेबलावरचं आहे. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं वाचा. संस्थेची नैतिकता समिती आणि मूळपेशी संशोधनाची वेगळी समिती, दोन्हींची मंजुरी हातात आल्याशिवाय ऑपरेशन थिएटरकडे फिरकू नका. संमतिपत्र मराठीत हवं आणि ते ऑपरेशनच्या आधी, माणूस शुद्धीवर आणि निवांत असताना समजावून सांगायला हवं. "पोटाची काढलेली चरबी टाकून द्यायच्या ऐवजी आम्ही अभ्यासाला वापरू का?" इतकं साधं विचारलं की बहुतेक लोक हो म्हणतात. नाही म्हणाले तर तिथंच थांबायचं. बाटलीवर नाव लिहायचं नाही, सांकेतिक क्रमांक लिहायचा. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांचे रिपोर्ट आधी बघायचे. रिपोर्ट चांगले असले तरी प्रत्येक नमुना संसर्गजन्य आहे असंच धरून वागायचं.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच. या पेशी संशोधनासाठी आहेत. गुडघेदुखीवर मूळपेशींची सुई देतो अशा जाहिराती आपल्याकडेही दिसतात. मंजूर झालेल्या क्लिनिकल ट्रायलबाहेर रुग्णाला अशा पेशी देणं त्या मार्गदर्शक तत्त्वांत बसत नाही. नातेवाईक विचारतील, तेव्हा स्पष्ट सांगा.

चरबी लॅबमध्ये येते तेव्हा

१९६४ साली मार्टिन रॉडबेल यांनी उंदराची चरबी कोलॅजिनेज या एन्झाइमनं विरघळवून चरबीच्या पेशी सुट्या केल्या. त्यांना वर तरंगणाऱ्या पेशी हव्या होत्या. आपल्याला हवा असतो तो खाली बसलेला गाळ. माणसाच्या लायपोसक्शनमधून (नळीनं चरबी ओढून काढण्याच्या शस्त्रक्रियेतून) निघालेल्या या गाळातल्या पेशींपासून हाड, कूर्चा, चरबी अशा वेगवेगळ्या वाटा निघतात, हे लॉस एंजेलिसच्या पॅट्रिशिया झुक आणि सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवलं. आजही जगभर थोड्याफार फरकानं तीच पद्धत चालते.

लायपोसक्शनची चरबी पातळ, रक्तमिश्रित असते आणि तिच्यात भुलीचं औषध व अॅड्रिनॅलिन मिसळलेलं असतं, म्हणून ती भरपूर धुवावी लागते. पोटावरच्या शस्त्रक्रियेत निघालेला अख्खा तुकडा असेल तर कात्रीनं आधी बारीक करावा लागतो. हात बसेपर्यंत मटणाच्या दुकानातून बोकडाची चरबी आणून सराव करा, कोल्हापुरात तिला तोटा नाही. ती माणसाच्या चरबीपेक्षा घट्ट असते, त्यामुळे तिच्यावर कात्री चालली की पुढचं काम हलकं वाटतं. फक्त तो सराव कल्चर रूमच्या बाहेर, साध्या टेबलावर. दुकानातली चरबी हूडमध्ये नेणं म्हणजे घरात आग घेऊन येणं.

धुण्याची रीत अशी. चरबीइतकंच पीबीएस (फॉस्फेट घातलेलं क्षारांचं पाणी) घ्या, त्यात नेहमीच्या दुप्पट-तिप्पट अँटिबायोटिक घाला, बाटली जोरात हलवून पाच मिनिटं स्थिर ठेवा. चरबी वर येते, रक्ताळलेलं पाणी खाली राहतं. खालचं पाणी लांब पिपेटनं काढून टाका. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, म्हणजे साधारण तीन-चार वेळा हे करायचं. घाईत दोनदाच धुतलं तर पुढं तांबड्या पेशींचा चिखल निस्तरत बसावं लागतं.

मग कोलॅजिनेज. टाइप वन, ०.१ टक्के, एक टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) घातलेल्या द्रावणात, ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेलं, चरबीइतक्याच आकारमानाचं. या एन्झाइमला कॅल्शियम लागतं, म्हणून ते पकडून ठेवणारं ईडीटीए असलेलं कुठलंही द्रावण इथं चालत नाही. हे विसरून अर्धा दिवस वाया घालवलेली माणसं मला माहीत आहेत, त्यातला एक मीच. ३७ अंशाच्या वॉटर बाथमध्ये ३० ते ६० मिनिटं, अधूनमधून हलवत. घड्याळापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवा. सुरुवातीला द्रावणात पिवळे गोळे आणि धागे दिसतात. झालं की सगळं एकजीव, पातळ सुपासारखं हलतं आणि धागे काचेला चिकटत नाहीत. तिथंच थांबवा. जास्त वेळ ठेवलं तर एन्झाइम पेशींच्या पृष्ठभागावरची प्रथिनंही कुरतडतं. दर लॉटची ताकद वेगळी असते, म्हणून नवी बाटली उघडली की थोड्या चरबीवर वेळ तपासून घ्या.

दहा टक्के सिरम (रक्तद्रव) असलेलं मीडिया, म्हणजे पेशींना पोसणारं द्रावण, तितकंच ओतून एन्झाइम थोपवा आणि सेंट्रिफ्यूजमध्ये ४०० जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट) दहा मिनिटं फिरवा. नळी बाहेर काढल्यावर चार थर दिसतात: वर पिवळं तेल, त्याखाली न विरघळलेली चरबी, मग गढूळ पाणी, आणि तळाशी तांबडा ठिपका. पांढऱ्या रश्श्यावर तेल तरंगतं तसं ते तेल दिसतं, आणि ते आधी वरून काढायचं. घाईत सगळं एकदम उपडं केलं तर तेलाचा ओघळ काचेवरून खाली येऊन गाळात मिसळतो आणि पेशी प्लास्टिकला नीट चिकटत नाहीत. आता तळाचा गाळ मोकळा करून १६० मिलिमोलर अमोनियम क्लोराइडमध्ये पाच ते दहा मिनिटं ठेवा, तांबड्या पेशी फुटून जातात. पुन्हा फिरवा, १०० मायक्रॉनच्या आणि मग ७० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा आणि मेलेल्या पेशी निळ्या करणारा ट्रिपॅन ब्लू घालून जिवंत पेशी मोजा.

या गाळात मूळपेशी फार थोड्या असतात. बाकी रक्तवाहिन्यांच्या पेशी, पांढऱ्या पेशी, फायब्रोब्लास्ट. निवड पुढं प्लास्टिकच करतं.

पहिले आठ दिवस

टी-७५ फ्लास्कमध्ये १५ ते २० लाख पेशी, डीएमईएम किंवा अल्फा-एमईएम मीडिया, १० टक्के एफबीएस (गाईच्या गर्भाचं सिरम), इन्क्युबेटरमध्ये ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. दोन दिवस दार उघडून डोकावू नका. मग मीडिया काढा, पीबीएसनं हळुवार दोनदा धुवा, नवं मीडिया घाला. न चिकटलेलं सगळं वाहून जातं. उरतात त्या लांबट, टोकदार, माशासारख्या पेशी. सुरुवातीला त्या इकडे एक, तिकडे दोन अशा दिसतात आणि नवखा माणूस घाबरतो. पाचव्या दिवशी त्यांचे पुंजके होतात. सहा ते आठ दिवसांत फ्लास्क ७०-८० टक्के भरतो. हा पॅसेज शून्य.

सिरमबद्दल एक सल्ला. वर्षभर लागेल तेवढं एकाच लॉटचं घ्या. दोन-तीन लॉटचे नमुने मागवा, एकाच दात्याच्या पेशी तिन्हींत वाढवून बघा, मग एक निवडा आणि सगळं उचला. लॉट मध्येच बदलला की वाढीचा आलेख तुटतो, आणि वाढ घटली ती पेशी म्हाताऱ्या झाल्या म्हणून की सिरम बदललं म्हणून, हे कुणालाच सांगता येत नाही.

अँटिबायोटिक पहिल्या एक-दोन पॅसेजनंतर बंद करा. हे सांगितलं की लोक नाराज होतात. पण महिनोन्‌महिने चालणाऱ्या कल्चरमध्ये अँटिबायोटिक म्हणजे सतरंजीखाली ढकललेला कचरा. मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूला पेशीभित्तिका नसते, पेनिसिलिन त्याचं काहीच बिघडवू शकत नाही. तो ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही निसटू शकतो, आणि तो असताना मीडिया गढूळ होत नाही. पेशी नुसत्या मंद वाढतात आणि तुम्ही त्याला म्हातारपण म्हणता. महिन्यातून एकदा पीसीआर किंवा डीएनए रंगवून तपासणी करायचीच.

पॅसेज आणि हिशेब

फ्लास्क ८० टक्क्यांच्या पुढं जाऊ देऊ नका. दाटीत राहिलेल्या पेशी स्वभाव बदलतात. मीडिया काढा, पीबीएसनं दोनदा धुवा, कारण उरलेलं सिरम ट्रिप्सिनला, म्हणजे चिकटलेल्या पेशी सोडवणाऱ्या एन्झाइमला, खाऊन टाकतं. ०.०५ टक्के ट्रिप्सिन-ईडीटीए, टी-७५ला दोन ते तीन मि.लि., ३७ अंशाला तीन मिनिटं. सूक्ष्मदर्शकाखाली बघा: टोकदार पेशी आक्रसून गोल मण्यांसारख्या दिसू लागल्या की फ्लास्कच्या कडेवर तळव्यानं एक-दोन थापट्या मारा. पाच मिनिटांतही सुटत नसतील तर ट्रिप्सिन जुनं झालंय. सिरमवालं मीडिया घालून थांबवा, ३०० जीवर पाच मिनिटं फिरवा, मोजा. पुन्हा पेरताना प्रति चौरस सेंटीमीटर ४ हजार, म्हणजे टी-७५ला ३ लाख.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक लॅबमध्ये फ्लास्कवर फक्त "पी ५", "पी ८" लिहितात. हा आकडा फसवा आहे. एक जण दर वेळी एका फ्लास्कचे दोन करतो, दुसरा एकाचे आठ. दहा पॅसेजनंतर पहिल्याच्या पेशी दहा वेळा दुप्पट झालेल्या असतात, दुसऱ्याच्या तीस वेळा. दोन्हींवर "पी १०" लिहिलेलं असतं आणि मग दोघं एकमेकांच्या निकालांवर भांडतात. पेशीचं वय पॅसेजमध्ये मोजायचं नाही, दुपटीत मोजायचं. लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी १९६१ साली दाखवलं की माणसाच्या साध्या पेशी ठरावीक दुपटींनंतर थांबतात. गर्भाच्या फायब्रोब्लास्टना सुमारे पन्नास दुपटी मिळतात. प्रौढ माणसाच्या चरबीतल्या पेशींना त्याहून कमी मिळतील असंच धरून चाला.

हिशेब सोपा आहे. काढलेल्या पेशी भागिले पेरलेल्या पेशी, त्याचा दहाच्या पायाचा लॉग, गुणिले ३.३२. तीन लाख पेरले आणि पंधरा लाख मिळाले तर पाचपट, पाचचा लॉग ०.६९९, म्हणून २.३२ दुपटी. दर पॅसेजचा आकडा मागच्या बेरजेत मिळवत जा. पॅसेज शून्यात नेमक्या किती मूळपेशी चिकटल्या हे कळत नाही, म्हणून बेरीज पॅसेज एकपासून सुरू करा आणि तसं वहीत लिहा. आलेख काढा: आडवे दिवस, उभ्या एकूण दुपटी. रेघ सरळ चढते तोवर ठीक. ती वाकू लागली की पेशी दमल्यात.

वहीत तारीख, दुपटी, सिरमचा लॉट, ट्रिप्सिनचा वेळ, फोटो क्रमांक आणि काम कुणी केलं हे लिहा. शेवटचा रकाना लोक गाळतात. दोन जणांचे हात वेगळे असतात, म्हणून तो हवाच.

बेणं राखून ठेवा

ऊस लावणाऱ्याला बेणं मळा ठाऊक असतो: मूलभूत, पायाभूत, प्रमाणित अशा पायऱ्यांनी बेणं वाढवतात, म्हणजे शेतात जाणारं बेणं कधीच मूळ साठ्यातून थेट उपसलं जात नाही. पेशींचंही तसंच करा. पॅसेज एक-दोनलाच निम्म्याहून अधिक पेशी गोठवा, हा मूळ साठा. त्यातली एक कुपी वितळवून वाढवा आणि तिच्या दहा-वीस कुप्या करा, हा कामाचा साठा. रोजचे प्रयोग कामाच्या साठ्यातून. मूळ साठ्याला हात लावायचा तो फक्त अडचणीत.

एका कुपीत एक मि.लि.मध्ये १० लाख पेशी, ९० टक्के सिरम आणि गोठताना पेशी फुटू नयेत म्हणून १० टक्के डीएमएसओ. डीएमएसओ घातल्यावर रेंगाळू नका. मिनिटाला एक अंश या वेगानं थंड व्हायला हवं, म्हणून आयसोप्रोपेनॉलच्या डब्यातून उणे ८०ला रात्रभर, आणि दुसऱ्या दिवशी द्रव नायट्रोजनमध्ये. उणे ८०लाच महिनोन्‌महिने ठेवलेल्या कुप्या वितळवल्यावर निम्म्या पेशी मेलेल्या निघाल्या तर नवल नाही. वितळवताना उलट घाई करायची: ३७ अंशाला मिनिट-दीड मिनिट, बर्फाचा शेवटचा खडा उरला की बाहेर, आणि मीडिया थेंब थेंब घालत पातळ करायचं.

नायट्रोजनचा कॅन कोल्हापूरच्या पोरांना नवा नाही. गोकुळला दूध घालणाऱ्या घरात म्हैस माजावर आली की कृत्रिम रेतन करणारा माणूस कॅन घेऊन दारात येतो, झाकण काढतो, पांढरी वाफ बाहेर पडते आणि चिमट्यानं रेतमात्रा वर येते. त्या माणसाची एक सवय बघण्यासारखी असते. तो पट्टी आत बुडवून बाहेर काढतो आणि हिम कुठवर चढलं ते बघून नायट्रोजन किती उरलाय ते ओळखतो. आपल्या लॅबमध्ये ते आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सही करून व्हायला हवं. कॅन हवेशीर खोलीत ठेवा. बंद खोलीत नायट्रोजन प्राणवायूची जागा घेतो आणि त्याला वास नसतो.

साठा गोठवल्यावर आठवड्याभरात एक कुपी वितळवून वाढवून बघा. न तपासलेला साठा म्हणजे नुसत्या कुप्या.

पावसाळा

इतर शहरांसाठी लिहिलेल्या पद्धतींमध्ये हा भाग नसतो. जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या भिंतींना ओल येते आणि कल्चर रूममध्ये बुरशी शिरते. पुठ्ठ्याचा एकही खोका आत नको, प्लास्टिकचं सामान बाहेरच खोक्यातून काढून पुसून आत घ्यायचं. एसीचे फिल्टर मे अखेर धुवा. इन्क्युबेटरच्या ट्रेमधलं निर्जंतुक पाणी दर आठवड्याला बदला. फ्लास्कमध्ये कापसाचा पुंजका दिसला तर तो उघडू नका, तसाच पिशवीत घालून बाहेर. उघडून बघायचा मोह झाला तर शेजारचे सगळे फ्लास्क गेले समजा.

वीज गेली तर इन्क्युबेटरचं दार बंद राहू द्या. तास-दोन तास तापमान टिकतं. जास्त वेळ लागणार असेल तर फिल्टर नसलेली झाकणं घट्ट करा. मीडिया जांभळट दिसू लागलं तर कार्बन डायऑक्साइड उडून सामू वाढलाय.

पुराचा हिशेबही धरा. ऑगस्ट २०१९मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि पुण्याकडची वाहतूक बंद पडली. कोरड्या बर्फात येणारं सिरम वाटेत अडकलं तर काय, याचा विचार जूनमध्येच करायचा. सिरम, ट्रिप्सिन, सिलिंडर यांचा सप्टेंबरपर्यंतचा साठा जूनअखेर आत हवा. मूळ साठ्याच्या काही कुप्या दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या कॅनमध्ये ठेवा. तळमजल्यावर दोन्ही ठेवून उपयोग नाही.

फार छान वाढणारा फ्लास्क

कोल्हापूरबाहेरच्या एका लॅबमध्ये शिकत होतो तेव्हाची गोष्ट. अकराव्या पॅसेजला माझ्या पेशी मंदावल्या होत्या. तेराव्याला एका फ्लास्कनं अचानक वेग घेतला, दिवसाला दुप्पट. मी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. पेशी मात्र माशासारख्या राहिल्या नव्हत्या, फरशीसारख्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. एसटीआर तपासणीत, म्हणजे डीएनएवरून पेशी कुणाच्या हे ओळखण्याच्या चाचणीत, त्या हीला निघाल्या, म्हणजे १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून घेतलेल्या कर्करोगाच्या पेशी. वही चाळली तेव्हा सापडलं: एकाच दुपारी मी एकाच ट्रिप्सिनच्या बाटलीतून दोन्ही कल्चर केली होती.

माझी चूक लहान होती. याच विषयातली मोठी चूक छापून आली होती. २००५ साली 'कॅन्सर रिसर्च'मध्ये एक निबंध आला, की माणसाच्या चरबीतल्या मूळपेशी चार-पाच महिने कल्चरमध्ये ठेवल्या की आपोआप कर्करोगी होतात. खळबळ उडाली. २०१० साली तो मागे घेतला गेला, कारण त्या पेशींत दुसऱ्याच पेशी मिसळल्या होत्या. म्हणून नियम करा: एका वेळी हूडमध्ये एकच कल्चर, प्रत्येक कल्चरला स्वतःची मीडियाची आणि ट्रिप्सिनची बाटली, बाहेरून आलेली पेशींची लाइन तपासणी होईपर्यंत वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये. दात्याचा डीएनए पहिल्याच दिवशी उणे ८०ला राखून ठेवा, नाहीतर पुढं तुलना कशाशी करणार? दर दहा दुपटींनी एसटीआर आणि गुणसूत्रांची तपासणी.

ओळखीच्या चाचण्याही त्याच वेळी. २००६ साली पेशी-उपचारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं (आयएससीटी) घातलेल्या अटींनुसार पेशी प्लास्टिकला चिकटायला हव्यात, सीडी७३, सीडी९० आणि सीडी१०५ हे पृष्ठभागावरचे खुणेचे रेणू किमान ९५ टक्के पेशींवर हवेत, सीडी४५, सीडी३४ असे रक्तपेशींच्या खुणेचे रेणू २ टक्क्यांच्या आत, आणि हाड, चरबी, कूर्चा या तिन्ही वाटांनी जाता यायला हवं. चरबीतल्या पेशींवर सुरुवातीला सीडी३४ दिसतो आणि काही पॅसेजनंतर जातो, त्यानं गोंधळू नका. हे रेणू मोजणाऱ्या फ्लो सायटोमेट्रीवर मात्र विसंबून राहू नका. म्हाताऱ्या पेशीसुद्धा वरचे रेणू बऱ्याचदा जसेच्या तसे दाखवतात, आणि हाड बनवायला सांगितलं की मान टाकतात. खरी परीक्षा तीच: तीन आठवडे डेक्सामेथासोन, अॅस्कॉर्बेट आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट, मग कॅल्शियम लाल रंगवणारं अॅलिझरिन रेड. तरुण पेशींचा तळ कुंकवासारखा लाल होतो. दमलेल्या पेशींत इथं-तिथं ठिपके.

नांगर कधी घालायचा

पेशी पसरट, तव्यावर फुटलेल्या अंड्यासारख्या दिसू लागल्या, आत दाणे भरले आणि दोन आठवड्यांत एकही दुपट झाली नाही, की समजायचं. खात्रीसाठी सामू ६ला बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे एन्झाइम रंगवा, म्हाताऱ्या पेशी निळ्या होतात. हा रंग कार्बन डायऑक्साइडच्या इन्क्युबेटरमध्ये करायचा नाही, त्यानं सामू बदलतो. साध्या ३७ अंशाच्या कोरड्या इन्क्युबेटरमध्ये रात्रभर ठेवा. सोबत पॅसेज दोनच्या तरुण पेशी तुलनेला ठेवा, आणि दोन्ही फ्लास्क विरळ असू द्या, कारण दाटीतल्या तरुण पेशीही निळ्या होतात. निळ्या पेशी शंभरात किती हे तीन वेगवेगळ्या जागी मोजून लिहा.

उरलेल्या पेशींचा आरएनए काढून ठेवा. एक टक्का हायपोक्लोराइट ओतून अर्धा तास ठेवलेला फ्लास्क ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका, क्लोरीन सुटतो. दोन्हींपैकी एकच वापरा. कल्चर आणि त्याची भांडी पिवळ्या पिशवीत, सुया-ब्लेड पांढऱ्या डब्यात. वहीत शेवटची दुपट आणि तारीख लिहून खाली रेघ मारा, आणि कामाच्या साठ्यातली पुढची कुपी काढा.